शेवटच्या ड्रेसिंगनंतर

पायाची जुनी जखम भरली की पेशंट पेढे घेऊन येतात. कित्येक महिने, काहींच्या बाबतीत कित्येक वर्षं वाहणारा पाय कोरडा झालेला असतो. घरातला वास गेलेला असतो, रात्रीची झोप परत आलेली असते. नाशिकमधल्या एका सर्जनच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, ड्रेसिंगची खोली माझ्याकडे असते. माझ्या मते पेढ्यांचा हा दिवस सगळ्या उपचारातला सगळ्यात नाजूक दिवस आहे. त्या दिवशी पेशंटला आणि घरच्यांना वाटतं, सुटलो.

मी बोलतेय ती घोट्याच्या जरा वर, बहुतेक वेळा आतल्या बाजूला होणाऱ्या जखमेबद्दल. तिच्या भोवतीची कातडी तपकिरी-काळी पडलेली असते, पोटरीचा खालचा भाग लाकडासारखा कडक लागतो, खाज सुटते, संध्याकाळी सूज येते. आमच्याकडे येणारे लोक तिला नासूर म्हणतात, कुणी ‘खराब रक्त साचलंय’ म्हणतात. मधुमेहाने तळपायाला होणारी जखम वेगळी, तिची काळजीही वेगळी. या जखमेचं मूळ शिरांमध्ये असतं.

दवाखान्यातलं ड्रेसिंगचं रजिस्टर मीच लिहिते. त्यात तीच नावं पुन्हा येतात. तोच पाय, जवळजवळ तीच जागा. आधी दुसरीकडे उपचार घेऊन आलेल्यांची गोष्टही हीच. ‘जखम भरली, आता यायची गरज नाही,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलेलं असतं, क्रेप बँडेज घडी घालून कपाटात गेलेलं असतं, आणि पुढच्या पावसाळ्यात डास चावल्याचं किंवा कॉटचा कोपरा लागल्याचं निमित्त होऊन तिथेच पुन्हा उघडतं. बऱ्याच जणांचं हे पहिल्या वर्षातच होतं. हे बघून मी सरांशी बोलले, आणि आम्ही ठरवलं की जखम भरल्यावर एक बैठक वेगळी ठेवायची. ड्रेसिंग नाही, पट्टी नाही, फक्त बोलणं. सोबत घरचं एक माणूस हवंच, आणि ओपीडीची घाई संपल्यावरची वेळ.

या बैठकीत काय सांगावं यापेक्षा काय विचारावं, हे मला हळूहळू उमगत गेलं. छापील कागद देणं सोपं असतं. ‘जास्त वेळ उभे राहू नका’ हे त्यातलं पहिलं वाक्य. पंचवटीतल्या एका मावशींचंच बघा. त्या पोळीभाजी केंद्रात कामाला आहेत. पहाटे पाचला ओट्याशी उभ्या राहतात, दुपारी दोनपर्यंत पोळ्या लाटतात आणि भाजतात. त्यांना ‘उभ्या राहू नका’ म्हणणं म्हणजे ‘कमावू नका’ म्हणणं. म्हणून आता मी पहिलं वाक्य एवढंच बोलते, “मावशी, उठल्यापासून झोपेपर्यंतचा तुमचा दिवस सांगा.” मग गप्प बसून ऐकते. त्या दिवसात काळजीला जागा कुठे आहे, ते आम्ही दोघी मिळून शोधतो.

आजार समजावून सांगायचा शब्द मला दिंडोरी तालुक्यातल्या एका बाबांमुळे सापडला. त्यांची द्राक्षबाग आहे. पायातल्या शिरांत झडपा असतात, रक्त वर गेलं की त्या मिटतात आणि खाली येऊ देत नाहीत, असं मी सांगत होते. ते म्हणाले, “म्हणजे मोटारीचा फूटव्हॉल्व्ह.” अगदी तेच. फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. इथे रक्त घोट्याकडे उतरतं आणि तिथे साचून दाब वाढवतं. नुसतं उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी माणूस चालायला लागला की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि हा दाब 30च्या खाली येतो. झडपा निकामी असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. वर्षानुवर्षं तो दाब सोसून कातडी आतून खराब होते. जखम भरली म्हणून झडप दुरुस्त होत नाही, हे बाबांना एका वाक्यात पटलं. शिवाय भरून आलेली कातडी पहिल्यासारखी मजबूत कधीच होत नाही, फार तर 80 टक्क्यांपर्यंत ताकद येते. म्हणून त्या जागेला जन्मभर जपायचं असतं.

सर प्रत्येकाचा कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतात. कातडीजवळच्या, वरवरच्या शिरांचा दोष असेल तर लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा ऑपरेशनचा सल्ला देतात. “जखम भरली, आता कशाला ऑपरेशन?” हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा सर ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगतात. तो 2004 साली प्रसिद्ध झाला, 500 पेशंट होते. नुसता दाबपट्टीचा उपचार घेतलेल्यांपैकी 28 टक्के लोकांची जखम वर्षभरात परत आली. दाबपट्टीबरोबर शिरांचं ऑपरेशनही झालेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. मी त्यापुढचा आकडा आवर्जून जोडते. चार वर्षांनी पाहिलं तेव्हा ऑपरेशनवाल्यांपैकीही 31 टक्क्यांना पुन्हा जखम झाली होती, ऑपरेशन न झालेल्यांत 56 टक्क्यांना. ऑपरेशनने मोठा फरक पडतो, पण त्यानंतरही पायाला दाब देणारा घट्ट पायमोजा कपाटात टाकता येत नाही.

बैठकीचा निम्मा वेळ या मोज्यावरच जातो. साध्या मोज्यासारखा तो सर्रकन चढत नाही. घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाताना दाब कमी होत जाणारा, असा तो विणलेला असतो. बहुतेकांना गुडघ्याखालपर्यंतचा पुरतो. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं. घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी. संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप घेऊन आणलेला मोजा दुसऱ्या दिवशी ढिला पडतो. डब्यावर ‘क्लास 2’ लिहिलेलं असतं तेवढं वाचून घेऊ नका, आकडा बघा. जर्मन मोजणीत क्लास 2 म्हणजे पाऱ्याच्या 23 ते 32 मिलिमीटर दाबाचा, ब्रिटिश मोजणीत 18 ते 24. दाब जितका जास्त तितकी जखम परत यायची शक्यता कमी, पण तितकाच मोजा चढवायला आणि सोसायला अवघड. म्हणून पेशंटला रोज पेलवेल त्यातला जास्तीत जास्त दाब, असं सर ठरवतात. माझं मत विचाराल तर रोज पायात असलेला हलका मोजा कपाटातल्या घट्ट मोज्यापेक्षा केव्हाही बरा.

पंचवटीच्या मावशींना मोजा पायात चढवायलाच जमेना. पाठ वाकत नाही, बोटांत संधिवात, आणि जोडवी मोज्यात अडकतात. मी त्यांना पिशवीची युक्ती दाखवली. मोजा बोटांशी उघडा असेल तर पायावर आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवायची, वरून मोजा ओढायचा, आणि मग पुढच्या उघड्या भागातून पिशवी खेचून काढायची. मोजा आधी टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, टाच नीट जागेवर बसली की मगच वर न्यायचा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते, नखांनी मोजा फाटत नाही. वरची कड दुमडायची नाही. दुमडली की तिथे दुप्पट दाब पडून पोटरी आवळली जाते आणि खाली सूज येते. हे सगळं मी एकदा करून दाखवते, नंतर पेशंटने माझ्यासमोर स्वतः करायचं, मग सोबतच्या माणसाने. मावशींच्या सुनेने पहिल्या फटक्यात घातला. पण मावशी म्हणाल्या, “पहाटे साडेचारला तिला उठवू का मी?” बरोबर होतं त्यांचं. त्यांना स्वतःलाच जमायला हवं होतं. पलंगाच्या कडेला बसून, पाय पाटावर टेकवून, त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. सकाळी अंथरुणातून उठून वावरायच्या आधीच मोजा चढवायचा, कारण एकदा पायावर सूज आली की तो चढत नाही. रात्री झोपताना काढायचा.

पैंजणांचा विषय मला काढावा लागला. त्यांच्या उजव्या पायातली पैंजण बरोबर जखमेच्या वणावर घासत होती. लग्न झाल्यापासून पायातून न काढलेली वस्तू, त्यावर मी काय बोलणार? मी फक्त आरसा धरून त्यांना ती जागा दाखवली. आतल्या बाजूचा घोटा वाकल्याशिवाय स्वतःला दिसतच नाही. लालसर रेघ त्यांनीच पाहिली. काही दिवसांनी आल्या तेव्हा पैंजण काढलेली होती, जोडवी तशीच होती. हा निर्णय त्यांच्या घरात त्यांनी घेतला, ‘काढा’ असं मी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून छोटा आरसा माझ्या खोलीत कायम असतो. आपली जखमेची जागा रोज बघणारा पेशंट लवकर येतो, हे मी परत परत पाहिलंय.

कामाच्या जागी काय करायचं, यावर त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. तव्यावर पोळी टाकली की ओट्याला धरून टाचा उचलायच्या, टेकवायच्या. पोळी उलटली की परत. पोटरी आवळली जाते आणि रक्त वर सरकतं, एवढंच त्यामागचं काम. मालकिणीशी बोलून मळायचं आणि गोळे करायचं काम बसून करायला त्यांनी एक उंच स्टूल मागून घेतलं. दुपारी घरी गेल्यावर अर्धा तास पाय वर करून पडायचं. वर म्हणजे खुर्चीसमोरच्या स्टुलावर नव्हे, पाय छातीपेक्षा उंच हवेत. त्या जमिनीवर गादी घालून झोपतात, म्हणून पायाकडच्या बाजूला गादीखाली घोंगड्यांच्या घड्या सरकवल्या. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, आडवं पडल्यावर दम लागतो, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

कातडीची काळजी लोकांना किरकोळ वाटते, मला वाटत नाही. कोरडी पडून तडकलेली, खाजवून सोललेली कातडी हीच पुढच्या जखमेची सुरुवात असते. आमच्याकडे येणाऱ्या पायांवर मी हळद पाहिली आहे, चुना पाहिला आहे, तंबाखू पाहिली आहे, दुकानातून विचारून आणलेली मलमं तर असतातच. या पेशंटची कातडी फार लवकर चिडते. सुगंधी क्रीम, लॅनोलिन, निओमायसिनचं मलम यांची ॲलर्जी त्यांच्यात बरीच दिसते. म्हणून साधं, बिनवासाचं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल, आणि तेही रात्री, मोजा काढून पाय कोमट पाण्याने धुऊन अलगद टिपल्यावर. केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. पोटरी जोरात चोळायची नाही. सकाळी मोज्याखाली तेल लावलं तर मोज्याचं रबर लवकर जातं. मावशींना मी आणखी एक गोष्ट बजावली. पेट्रोलियम जेली मुरलेलं कापड पटकन पेट घेतं, त्यामुळे ते लागलेली साडी किंवा परकर नेसून गॅसपाशी उभं राहायचं नाही.

उन्हाळ्यात मात्र सगळ्यांचीच परीक्षा असते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि ओट्याशी त्याहून जास्त. “सिस्टर, पाय भाजतो हो,” असे फोन येतात. तेव्हा मी वाद घालत नाही. मोज्यावरून थोडं पाणी शिंपडा, कामावरून आल्यावर मोजा काढून पाय वर घेऊन पडा, चालायला उठण्याआधी परत चढवा. अगदीच सहन होत नसेल तर सरांना विचारून एक क्लास हलका मोजा घेऊ, पण पूर्ण सोडू नका. ‘उन्हाळ्यापुरता बंद’ म्हणून बाजूला ठेवलेला मोजा दिवाळीपर्यंत परत पायात येत नाही, असा माझा अनुभव आहे. दोन जोड असले की एक धुऊन सावलीत वाळत घालता येतो. पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही. रोज वापरला तर साधारण सहा महिन्यांत त्याचा दाब कमी होतो आणि नवा घ्यावा लागतो. हा खर्च पुन्हा पुन्हा येतो आणि तो सगळ्यांना परवडत नाही, हे मी दर बैठकीत उघड बोलते. न बोलता सोडलं की लोक ढिला झालेला मोजा वर्ष-दीड वर्ष ओढतात आणि काळजी घेतोय असं समजतात.

चैत्रात अजून एक प्रश्न येतो, वणीला पायी जायचा. नाशिकहून सप्तशृंगी गड साठेक किलोमीटर आहे, आणि वर्षानुवर्षं पायी जाणारी माणसं एका जखमेसाठी ती वाट सोडत नाहीत. पौषात त्र्यंबकेश्वरच्या वारीचंही तेच. सुरुवातीला सर नको म्हणायचे. पण चालणं या आजाराला चांगलंच असतं, वाईट असतं ते अनवाणी चालणं, ठेचा, काटे आणि मुक्कामावर पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणं. आता आम्ही विचारतो, किती टप्पे करणार, मुक्काम कुठे. मोजा घालून, बूट घालून जा, दर थांब्यावर पिशवी उशाला न घेता पायाखाली घ्या. नवस अनवाणी चालायचा असेल तर घरातलं दुसरं कुणी तो फेडू शकतं का, हेही विचारतो. एका काकांच्या मुलाने तो आनंदाने आपल्याकडे घेतला.

एक धोक्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण हे वाचून कुणी परस्पर मोजा विकत आणेल. पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर हाच मोजा पाय घालवू शकतो. म्हणून आधी हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब छोट्या डॉपलर यंत्राने मोजतात. घोट्याचा आकडा भागिले हाताचा आकडा 0.8 पेक्षा कमी आला तर पूर्ण दाबाचा मोजा देत नाहीत. मधुमेह असलेल्यांच्या धमन्या कडक होऊन हा आकडा खोटा जास्त येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात. सातपूरचे एक काका, आयुष्यभर सलूनमध्ये उभे राहिलेले आणि विड्या ओढणारे, पुतण्याचा मोजा घालून आले होते. चालताना पोटऱ्या भरून येतात, रात्री पाय खाली सोडला की बरं वाटतं, असं ते म्हणाले आणि मी मोजा आधी काढायला लावला. शिरांच्या आजारात पाय वर घेतला की बरं वाटतं. त्यांचं उलटं होतं, दोष धमन्यांचा होता.

आणि एवढं सगळं करूनही जखम परत येते, काही जणांची येतेच. दिंडोरीच्या बाबांचं तसं झालं. गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत मांडवाची तार नडगीला घासून खाली घोट्यापर्यंत ओरखडा गेला. मोजा पायात होता, मोजाही फाटला. पण या वेळी त्यांना काय बघायचं ते माहीत होतं. वणाभोवतीचा रंग गडद होणं, नवी खाज, मोज्याला पाण्याचा डाग, संध्याकाळची सूज सकाळपर्यंत न उतरणं. पाय लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी यायचं, आणि एकाच पोटरीला अचानक सूज येऊन दुखायला लागली, त्यात दम लागला, तर आमच्याकडे न येता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, हेही त्यांना पाठ होतं. मोज्यावर ओला डाग दिसला तसे दुसऱ्या दिवशी पिंपळगावच्या बाजाराला जायचं सोडून ते दवाखान्यात आले.

आले ते मान खाली घालून. “सिस्टर, तुम्ही एवढं सांगितलं आणि मी घोळ केला.” मी त्यांना म्हटलं, “बाबा, पहिल्या वेळी तुम्ही आलात तेव्हा जखम तळहाताएवढी होती. आज रुपयाएवढी आहे. तुम्ही वेळेवर आलात म्हणून.” परत आलेल्या पेशंटला कुणी रागावलं तर पुढच्या वेळी तो लपवतो, घरीच हळद लावत बसतो. आमच्या खोलीत नव्याने आलेल्या मुलींना मी शिकवते त्यातली पहिली गोष्ट हीच, की दार उघडल्यावर पहिला शब्द रागाचा नको.

त्यांची ती जखम द्राक्ष काढणी सुरू व्हायच्या आत भरली. लेझर करायचं ते आधी पुढे ढकलत होते, या वेळी त्यांनीच तारीख मागितली आणि हंगाम संपल्यावर करून घेतलं. आता नव्या मोज्याचं माप द्यायला सकाळच्या पहिल्या एस.टी.ने यायला सांगितलंय, पायावर सूज चढायच्या आत. छाटणीच्या दिवसांत मोज्यावरून घालायला जाड कापडाची गेटरं, म्हणजे नडगी झाकणारी आवरणं, शिवून घ्यायचं त्यांच्या मुलीने ठरवलंय. मापासाठी तीही सोबत येणार आहे.